सरोदची एक तबकडी आणि आपली तालीम

(संस्थेच्या काष्टी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते माध्यमिक शाळेत शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



शिक्षणाचे महत्त्व या विषयावर आपण दरवर्षी भाषणे ऐकतो. त्यात खोटे काही नसते. पण तेच तेच ऐकून लक्ष लागेनासे होते. म्हणून यंदा मी त्याच विषयाकडे थोड्या आडवाटेने जाणार आहे. मी आपल्यापुढे एका तबकडीची हकिकत ठेवणार आहे. तबकडी म्हणजे ग्रामोफोनची रेकॉर्ड. आजच्या मुलांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल. पण तिच्यावरचे वादन आता मोबाईलवरही ऐकायला मिळते. त्या वादनात सरोद हे एकच मुख्य वाद्य आहे, साथीला तबला आणि तानपुरा. गाणे नाही, त्यामुळे शब्दही नाहीत. तरीसुद्धा शिकणे म्हणजे काय, शिकवणे म्हणजे काय आणि शिकण्याचा हक्क कोणाचा, हे तीन प्रश्न त्या तबकडीपाशी येऊन उभे राहतात, असे मला वाटते. ते आपल्या घरचेच प्रश्न आहेत, हे भाषणाच्या अखेरीस आपल्या ध्यानात येईल.

तबकडीची हकिकत

आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा खरा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग हे गृहस्थ तेथे आले आणि त्यांनी गोहरजान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. मैफलीत तासभर चालणारा राग एवढ्याशा वेळात बसवायचा, म्हणजे पोत्याचे धान्य ओंजळीत घेण्यासारखे होते. पुढे १९४८ साली अमेरिकेत लाँग प्लेइंग रेकॉर्ड निघाली. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, ही ३३⅓ फेरे घेऊ लागली. तिच्यावरच्या रेषाही बारीक होत्या. त्यामुळे एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली आणि रागाला अंग मोडून बसण्याची गरज उरली नाही.

१९५५ साली प्रख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून उस्ताद अली अकबर खाँ अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क शहरातील 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट' या संग्रहालयात त्यांचे वादन झाले, तेथील दूरचित्रवाणीवरही झाले, आणि त्याच मुक्कामात त्यांची लाँग प्लेइंग तबकडी मुद्रित झाली. तिचे नाव 'म्युझिक ऑफ इंडिया : मॉर्निंग अँड ईव्हनिंग रागाज'. एका बाजूला सिंधुभैरवी आणि दुसऱ्या बाजूला पिलू. तबल्यावर चतुरलाल, तानपुऱ्यावर शिरीष गोर. आरंभी स्वतः मेन्युहिन यांनी इंग्रजीतून श्रोत्यांना या संगीताची ओळख करून दिली आहे. पाश्चात्त्य देशांत निघालेली हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची ही पहिली लाँग प्लेइंग तबकडी मानली जाते. खाँसाहेबांचा जन्म १४ एप्रिल १९२२ चा, आताच्या बांगला देशातील शिवपूर या खेड्यातला. म्हणजे तेव्हा ते ३३ वर्षांचे होते.

तबकडीने काय होते, असे कोणी विचारील. आपल्याच बाजूचे उदाहरण सांगतो. पंडित भीमसेन जोशी लहान असताना गदगमध्ये त्यांच्या कानावर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची तबकडी पडली. असे आपल्याला गाता आले पाहिजे, या ध्यासाने १९३३ साली त्या अकरा वर्षांच्या मुलाने घर सोडले. गुरूच्या शोधात तो देशभर हिंडला आणि अखेरीस अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकला. तबकडीने त्याला गाणे शिकवले नाही. शिकण्यासारखे काय आहे, एवढे तिने दाखवले. पुढचे काम गुरूचे आणि मेहनतीचे होते.

दुसरे उदाहरण अली अकबर खाँसाहेबांचेच आहे. 'चंद्रनंदन' हा त्यांनी बांधलेला राग. एकदा जुन्या पद्धतीच्या लहान तबकडीसाठी ते मुद्रणालयात बसले असता त्यांनी मालकंस, चंद्रकंस, नंदकंस आणि कौशी कानडा यांच्या मेळातून तिथल्या तिथे तो रचला, असे सांगतात. तीन मिनिटांची तबकडी निघाली, लोकांना आवडली. काही वर्षांनी तोच राग विस्ताराने वाजवण्याची मागणी आली, तेव्हा खाँसाहेबांना स्वतःचीच तबकडी पुन्हा ऐकून त्याचा अभ्यास करावा लागला. १९६०च्या दशकात महापुरुष मिश्र यांच्या तबलासाथीने केलेले 'चंद्रनंदन'चे मोठे ध्वनिमुद्रण फार गाजले. विद्यार्थ्यांनो, एवढा मोठा उस्ताद स्वतःच्या जुन्या कामाचा विद्यार्थी होऊन बसतो, हे लक्षात ठेवा. आपल्या मागच्या वर्षाच्या वह्या आपण रद्दीत घालतो.

वाद्याची ओळख

सरोद हा शब्द फारसी आहे. 'सुरूद' म्हणजे गाणे, सूर, त्याच कुळातला. हे वाद्य अफगाणी रबाबापासून विकसित झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. घोड्यांच्या व्यापाराच्या आणि फौजेच्या निमित्ताने जे पठाण हिंदुस्थानात आले, त्यांनी रबाब बरोबर आणला. इथल्या रागदारीत सुरावरून सुरावर घसरत जावे लागते, त्याला मींड म्हणतात. रबाबाच्या लाकडी पट्टीवर आणि तातीच्या तारांवर ती नीट येईना. म्हणून लाकडी पट्टीवर पोलादी पत्रा आला, तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या, आणि रबाबाचा सरोद झाला. बाहेरून आलेली वस्तू इथल्या मातीतली कशी होते, याचा हा एक नमुना समजावा.

सरोदची बैठक एका अखंड लाकडात कोरलेली असते. खालच्या पोकळ भागावर बकऱ्याचे कातडे ताणून बसवतात, त्यावर घोडी आणि घोडीवरून तारा. मैहर घराण्याच्या सरोदला २५ तारा असतात. त्यांपैकी १० तारा छेडल्या जातात आणि १५ तरफेच्या असतात. तरफेच्या तारांना वादक वाजवत नाही. वरच्या तारेवर त्यांचा स्वर लागला की त्या आपोआप कंप पावतात. तार छेडण्यासाठी उजव्या हातात नारळाच्या करवंटीचा लहान तुकडा धरतात, त्याला जवा म्हणतात. डावा हात बोटांच्या टोकाने आणि नखाच्या कडेने तार दाबतो.

आता मुख्य गोष्ट. सतारीला पडदे असतात. पडद्यामुळे स्वराची जागा डोळ्यांना दिसते. सरोदला पडदाच नाही. गुळगुळीत पत्र्यावर कुठेही खूण नाही. केसाच्या अंतराने बोट चुकले तरी स्वर बेसूर होतो. मग वादकाला जागा कशी कळते? ती कानाने कळते, आणि हजारो वेळा केलेल्या सरावामुळे हाताला कळते. गाइडमधली उत्तरे पाठ करून पास होणारा मुलगा पडदे असलेल्या वाद्यावर बसला आहे असे समजा. परीक्षेत प्रश्न जरा फिरवून विचारला की त्याची जागा चुकते. ज्याला धडा समजला आहे त्याला खुणा लागत नाहीत.

कसे ऐकावे

पुष्कळांची तक्रार असते की शास्त्रीय संगीत आम्हांला समजत नाही. आपल्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात शहरातला माणूस आला तर त्याला सगळे बैल सारखेच दिसतात. आपला शेतकरी मात्र दात, खांदा, चाल, शिंगाची ठेवण बघून मिनिटात सांगतो की जनावर कामाला कसे आहे. ही नजर त्याला कोणत्या पुस्तकाने दिली? लहानपणापासून वडिलांच्या बोटाला धरून तो बाजार हिंडला, एवढेच. कानाचेही तसेच आहे.

तेव्हा ऐकताना तीन गोष्टी करा. पहिली, सुरुवातीला आलाप असतो. त्यात तबला नाही, घाई नाही. वादक एकेक स्वर पुढे आणतो आणि रागाची ओळख करून देतो. ज्या स्वरावर तो पुन्हा पुन्हा येऊन थांबतो तो लक्षात ठेवा. दुसरी, तबला सुरू झाला की मात्रा मोजा. बहुतेक वेळा सोळा मात्रांचा तीनताल असतो. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. चार चार मात्रांचे चार खण. पहिल्या मात्रेवर सम. नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे तेथे टाळी न देता हात उलटा करायचा. वादक कितीही दूर गेला तरी समेवर कसा परत येतो, ते मोजून पाहा. गणिताच्या तासाला कंटाळणारी मुलेसुद्धा हे मोजणे आनंदाने करतात, असा माझा अनुभव आहे. तिसरी, तानपुऱ्याकडे कान द्या. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच तीन-चार स्वर धरून असतो. त्याला टाळी मिळत नाही; पण तो बंद पडला तर सरोदला आधार राहत नाही. घरात असे काम करणारे कोण असते, हे मी सांगायला नको.

सिंधुभैरवी आणि पिलू हे दोन्ही राग नवख्याला जड जाणारे नाहीत. कव्वालीत, भजनात, नाट्यपदात, जुन्या चित्रपटगीतांत त्यांच्या छटा आपण नकळत ऐकलेल्या असतात. म्हणूनच सुरुवातीला ही तबकडी सुचवतो.

मैहरची तालीम

आता हे वादन कोठून आले ते पाहू. अली अकबर खाँसाहेबांचे वडील आणि गुरू म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, ज्यांना सारे 'बाबा' म्हणत. संगीताच्या वेडापायी ते बालपणीच घरातून निघून कलकत्त्यास गेले. तेथे अन्नछत्रात जेवले, मिळेल तेथे झोपले. गोपालचंद्र या गायकाकडे स्वरसाधना केली. लोबो नावाच्या बँडमास्तराकडून व्हायोलिन शिकले. शहनाई शिकले, तालवाद्ये शिकले. अहमद अली खाँ यांच्याकडे सरोद शिकले. एवढे झाल्यावर त्यांना रामपूरच्या उस्ताद वजीर खाँ यांची तालीम हवी होती. दरबारातल्या एवढ्या मोठ्या उस्तादाच्या दारात गरीब मुलाला कोण उभे करणार? अखेर ते रामपूरच्या नवाबाच्या मोटारीपुढे आडवे झाले आणि आपली विनंती कानावर घातली, अशी हकिकत सांगतात. शागिर्दी मिळाल्यावरही खरी तालीम सुरू होण्यास पुष्कळ वर्षे थांबावे लागले.

पुढे मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांनी बाबांना आपल्या पदरी ठेवले. मैहर म्हणजे काही दिल्ली-मुंबई नव्हे. आताच्या मध्य प्रदेशातील ते एक लहान संस्थान. १९१८ च्या सुमारास साथीने अनाथ झालेल्या मुलांना बाबांनी गोळा केले आणि त्यांचे वाद्यवृंद पथक उभारले. तेच 'मैहर बँड'. बंदुकीच्या निकामी नळ्या वेगवेगळ्या मापाच्या कापून त्यांनी 'नलतरंग' नावाचे वाद्य बनवले. आपल्या गावात साधने नाहीत, म्हणून मुले मागे पडतात, असे आपण म्हणतो तेव्हा या नळ्या आठवाव्यात. रविशंकर, निखिल बॅनर्जी, पन्नालाल घोष यांच्यासारखे थोर वादक त्या लहान गावात जाऊन बाबांकडे शिकले. बाबा पाच वक्त नमाज पढत. त्यांच्या घराचे नाव 'मदिना भवन', आणि मैहरच्या टेकडीवरील शारदामातेवरही त्यांची श्रद्धा होती. १९५८ साली त्यांना पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण किताब मिळाला. १९७२ साली ते मैहर येथेच पैगंबरवासी झाले.

अली अकबर यांची तालीम तिसऱ्या वर्षी सुरू झाली. वडिलांकडे गाणे, काका फकीर आफताबुद्दीन यांच्याकडे ताल. नंतर सरोद. दिवसाला अठरा तासांपर्यंत रियाज झाला, असे ते सांगत. तेराव्या वर्षी अलाहाबादला त्यांचे पहिले जाहीर वादन झाले. पालकांनो, यावरून घरी जाऊन मुलाला अठरा तास अभ्यासाला बसवू नका. बाबांचा स्वभाव कडक होता, त्यांच्या माराच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही. त्या तालमीतील घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. गुरू रोज शेजारी बसत असे, कालचा सबक ऐकल्याशिवाय आजचा देत नसे. आपल्याकडे मदरशात हिफ्ज करणाऱ्या मुलाला हेच करावे लागते. नवा सबक, मागच्याचा दौर, आणि प्रत्येक हर्फाचा मखरज नीट निघतो की नाही हे ऐकणारा उस्तादाचा कान. ही पद्धत आपल्याला परकी नाही. शाळेच्या अभ्यासाला मात्र आपण ती लावत नाही. मुलाला पुस्तके घेऊन दिली, क्लासची फी भरली, की आपले काम संपले असे वाटते. संध्याकाळी त्याने काय वाचले, हे विचारायला निरक्षर बापालाही अडचण नाही. त्याने फक्त शेजारी बसून ऐकायचे आहे.

बाजूला बसलेली मुलगी

आता मी या भाषणाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ती तबकडी ज्या भावाची, त्याला एक बहीण होती. तिचे नाव रोशनआरा. मैहरच्या महाराजांनी तिला अन्नपूर्णा म्हटले आणि त्याच नावाने जग तिला ओळखते. या मुलीला संगीत शिकवायचे नाही, असे बाबांनी ठरवले होते. त्याला कारण होते. थोरल्या मुलीला त्यांनी शिकवले होते. पण सासरी ते खपले नाही. तिचा तानपुरासुद्धा जाळला गेला, असे सांगतात. पोळलेल्या बापाने धाकटीच्या बाबतीत दार लावून घेतले. त्या बापाला दुष्ट म्हणू नका. आपल्यापैकी किती बाप याच भीतीने दार लावतात!

एके दिवशी बाबा बाहेर गेले होते. अली अकबर सरोदवर धडा घोटत होते आणि त्यात चुकत होते. अंगणात खेळणाऱ्या बहिणीने ते ऐकले आणि, बाबांनी असे सांगितले नव्हते, असे सांगितले होते, म्हणून तो धडा बिनचूक गाऊन दाखवला. तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले होते. मुलगी घाबरली. बाबांनी तिला आत बोलावले आणि हातात तानपुरा दिला. भावाला दिलेले शिक्षण नुसत्या कानाने तिने सगळे उचलले होते. आधी गायन, मग सतार आणि अखेरीस सूरबहार, असा तिचा अभ्यास झाला. सूरबहार हे सतारीपेक्षा मोठे, खर्जाचे, गंभीर वाद्य. आपल्या गुरूंची खास विद्या बाबांनी या मुलीच्या हाती दिली.

१९४१ साली पंडित रविशंकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे १९५०च्या दशकानंतर त्यांनी जाहीर वादन बंद केले. त्याची कारणे अनेक सांगितली जातात. कोणाच्या संसारात आपण शिरू नये. त्यांनी व्यावसायिक तबकडी केली नाही. जुन्या मैफलींची काही थोडी मुद्रणे रसिकांनी जपून ठेवली आहेत, तेवढीच. भावाची तबकडी साता समुद्रांपार गेली आणि त्याच घरातली, त्याच गुरूची, त्याची चूक दुरुस्त करणारी बहीण मात्र जगाला फारशी ऐकायला मिळाली नाही.

तरी त्यांची विद्या वाया गेली नाही. मुंबईत वॉर्डन रोडवरील आपल्या घरात त्यांनी अनेक वर्षे शिष्य घडवले. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर, सरोदवादक बसंत काब्रा आणि प्रदीप बारोट ही त्यांतली काही नावे. निखिल बॅनर्जी यांनीही त्यांचे मार्गदर्शन घेतले. बासरी त्या वाजवत नसत, गाऊन शिकवत. १९७७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. म्हणजे मैहरच्या सरोदचे एक मोठे विद्यापीठ आपल्या महाराष्ट्राच्या राजधानीत एका बंद दारामागे चालले होते.

आता आपल्याकडे पाहा. मोठ्या भावाची शिकवणी चालू असते आणि बाजूला भाकरी थापणारी किंवा लहानग्याला सांभाळणारी बहीण ऐकत असते. भाऊ अडला की उत्तर तिच्या तोंडातून येते. आपण कौतुकाने हसतो, 'पोरगी हुशार आहे' म्हणतो, आणि दहावी झाली की, कधी त्याच्याही आधी, तिचा दाखला काढतो. कॉलेज लांब आहे, एस.टी.ची वेळ नीट नाही, दिवस वाईट आहेत, स्थळ चांगले आले आहे, जास्त शिकली तर तिच्या तोलाचा मुलगा मिळणार नाही, ही कारणे शिक्षक म्हणून मी दरवर्षी ऐकतो. ती सगळी खोटी नसतात. बाबांचे कारणही खोटे नव्हते. पण मुलगी किती जाणते हे कानांनी ऐकल्यावर बाबांनी आपला निर्णय बदलला. वडीलधाऱ्याने शब्द फिरवला म्हणून त्यांची इज्जत कमी झाली नाही. उलट त्या एका निर्णयामुळे त्यांचे घराणे एका पिढीने लांबले.

याच मुंबईत झरीन दारूवाला या पारशी कन्येने सरोद हाती घेतला. १९४६ साली जन्मलेल्या झरीनबाईंनी मैफली गाजवल्या, असंख्य हिंदी चित्रपटांच्या संगीतात त्यांचा सरोद वाजला, संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. २०१४ साली त्या गेल्या. त्यांची ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात. एका घरात दार उघडे राहिले की काय होते, त्याचे हे उदाहरण.

एक शंका आणि तिचे उत्तर

काही वडीलधाऱ्यांच्या मनात शंका आली असेल की शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर वाद्याची स्तुती कशाला. वाद्यसंगीताबाबत आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. एका बाजूला चिश्ती बुजुर्गांची समाची परंपरा आहे, दुसऱ्या बाजूला वाद्यांपासून दूर राहण्याची ताकीद आहे. मी शाळेचा मास्तर आहे, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. ज्या घरात वाद्य वाजत नाही त्या घराच्या निष्ठेचा मी आदर करतो. त्या घराने तबकडी ऐकू नये. पण तिच्यामागची तालीम जरूर घ्यावी. इल्म हासिल करणे फर्ज आहे, हे तर आपण प्रत्येक जलशात ऐकतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद कोणी सांगितलेला नाही.

दुसरी शंका व्यवहाराची. याने पोट भरेल काय? सगळ्यांचे भरणार नाही, हे उघड आहे. तुमच्या मुलाने सरोदवादक व्हावे, असे मी म्हणत नाही. आपल्या मुलांना आपल्या थोर माणसांची नावे ठाऊक असावीत, एवढे म्हणतो. देशाच्या संगीतात, भाषेत आणि विद्येत आपला वाटा केवढा आहे हे ज्या मुलाला माहीत असते, तो वर्गात मागच्या बाकावर अंग चोरून बसत नाही.

आणि ही नावे दूरची नाहीत. आपल्या श्रीगोंद्यालाच शेख महंमद होऊन गेले. 'योगसंग्राम' लिहिणारे हे मराठी संतकवी, आणि आजही सर्व जातिधर्मांचे लोक त्यांना मानतात. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि तेथेच त्यांची कबर आहे. त्याच मिरजेत एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी भोपळ्यापासून तानपुरे व सतारी बनवण्याचा धंदा सुरू केला. तो अजून चालू आहे, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. देशातल्या नामवंत गायकांच्या मागे जो तानपुरा वाजतो, तो पुष्कळदा आपल्या महाराष्ट्रातल्या मुस्लिम कारागिराच्या हातचा असतो.

आपण काय करावे

शेवटी कामाच्या चार गोष्टी सांगतो.

विद्यार्थ्यांनो, कोणतीही एक गोष्ट निवडा. गणित, इंग्रजी, हस्ताक्षर, चित्रकला, कुराणाची किरात, काहीही. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास तिला द्या. एक दिवस चार तास आणि आठ दिवस सुट्टी, असे करू नका. नवे घेण्याआधी कालचे म्हणून पाहा. आणि मोबाईल हातात असतोच, तर एकदा शांत बसून ती १९५५ सालची तबकडी ऐका. पहिल्यांदा समजणार नाही. तिसऱ्या वेळेस सम सापडेल.

पालकांनो, दिवसातून थोडा वेळ मुलाच्या शेजारी बसा आणि त्याचे म्हणणे ऐका. तुमचे शिक्षण किती, हा प्रश्न नाही. तुमचे लक्ष आहे, हे मुलाला कळले पाहिजे.

मातांनो, घरात कोण काय ऐकून शिकते आहे, हे तुमच्याइतके कोणाला दिसत नाही. बाजूला बसलेली मुलगी उत्तर देते, तेव्हा ते तिच्या वडिलांच्या कानावर घाला.

आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की दहावीनंतर शिकू इच्छिणाऱ्या मुलींची यादी दर उन्हाळ्यात शिक्षकांकडून मागवावी, आणि प्रत्येक घरी दोन जबाबदार माणसांनी जाऊन पालकांशी बोलावे. एस.टी.ची अडचण असेल तर चार घरच्या मुलींना मिळून जाता येईल. वसतिगृह हवे असेल तर चौकशी करता येईल. फीची अडचण असेल तर जमातीतून मार्ग निघेल. घरी जाणाऱ्या त्या दोन माणसांपैकी एक म्हणून माझे नाव आजच लिहून घ्यावे.

अली अकबर खाँसाहेब २००९ साली कॅलिफोर्नियात वारले. १९५६ साली कलकत्त्यात आणि पुढे १९६७ साली अमेरिकेत त्यांनी संगीताचे महाविद्यालय काढले आणि अखेरपर्यंत ते शिकवत राहिले. वडिलांकडून जे मिळाले ते पुढच्याला देणे, हे त्यांनी वादनाइतकेच मोठे काम मानले. त्यांचे वादन तबकडीवर राहिले. आपल्या घरातल्या मुलींची हुशारी नोंदवून ठेवायला कोणतीही कंपनी येणार नाही. तिची नोंद शाळेच्या हजेरीपटावर व्हायची आहे, आणि ती करणे आपल्या हाती आहे.